लाखेने बंद केलेली डिस्क

प्रिय जुळाऱ्या,

आपल्या निवृत्त छापखाना कामगार मंडळाच्या पाच एप्रिलच्या पत्रकात 'एक गैरसमज' या मथळ्याखाली तू जी हकिगत छापली आहेस, तीत पाच विधाने चुकीची आहेत. मथळा धरल्यास सहा. कारण जे घडले त्यास गैरसमज म्हणत नाहीत. सदतीस वर्षे तू अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवलेस आणि मी तुझी मुद्रिते तपासली; तेव्हा तुझ्या मजकुरावर तांबडी पेन्सिल चालवण्याचा माझा हक्क निवृत्तीबरोबर संपला, असे मी मानत नाही. चार चुका प्रथम घेतो. पाचवी शेवटी घेईन. तिला जागा जास्त लागेल.

'आमच्या मित्राचा कॉम्प्युटर जळाला,' असे तू लिहितोस. काहीही जळालेले नाही. जुनी झाली होती ती त्यातील हार्ड डिस्क, म्हणजे ज्या चपट्या डबीत सगळा मजकूर साठतो ती. ही घटना 'मार्चअखेरची' नाही. ती बारा मार्चची, मंगळवारची आहे. तुझ्या पुतणीने नवी डिस्क 'अर्ध्या तासात' बसवली, हेही खोटे. ती सव्वादहाला आली आणि तीनला पाच मिनिटे असताना गेली. मी खोलीबाहेर पाऊल टाकले नव्हते. आणि चौथे, 'त्या आठवड्यात आमच्या मित्राला सडकून ताप होता, आणि तापात माणूस जे बोलतो ते मनावर घ्यायचे नसते.' मला ताप नव्हता. आमच्या घरातील तापमापकाला गेल्या दोन वर्षांत कोणी हात लावलेला नाही. सुनेला विचारावे.

तुला ठाऊक असलेल्या काही गोष्टीही मी पुन्हा लिहिणार आहे. हे पत्र तुझ्याखेरीज इतरांनाही वाचावे लागेल, आणि त्यांतील काहीजण आपला छापखाना बंद पडल्यानंतर मंडळात आले आहेत. शिवाय क्रमाने लिहिले म्हणजे मला बरे पडते.

अकरा वर्षे, दर रविवारी सकाळी दहाला, तू माझ्या खोलीत येतोस, खिडकीकडची खुर्ची घेतोस, आणि आपण छापखान्यातील कामगारांच्या तोंडचे शब्द गोळा करून त्यांचा कोश रचतो. एका जातीच्या खिळ्यांत चुकून शिरलेला दुसऱ्या जातीचा खिळा म्हणजे 'पाहुणा'. मजकूर कमी पडल्यामुळे फाकवून भरलेली ओळ म्हणजे 'उपाशी ओळ'. असे दोन हजारांवर शब्द. प्रत्येक नोंदीच्या शेवटी, तो शब्द कोणी आणला हे कळावे म्हणून, मी 'मु.' किंवा 'जु.' अशी अक्षरे घालतो; मुद्रितशोधक आणि जुळारी. या पद्धतीला तू पहिल्यापासून हसत आलास. 'शब्दाला बाप कशाला लागतो रे? त्याला काय शाळेत घालायचाय?' हे वाक्य मी तुझ्या तोंडून निदान पन्नास वेळा ऐकले असेल. मी मात्र हट्ट सोडला नाही. ज्याचे त्याच्या नावावर असावे.

छापखान्यातही माझी तीच शिस्त होती. तपासलेल्या प्रत्येक मुद्रिताच्या डाव्या कोपऱ्यात मी माझी खूण करीत असे: लहानसा त्रिकोण, मध्ये टिंब, खाली तारीख. ती नसेल तर पान यंत्रावर चढत नसे. जुळाऱ्याला खूण नसे. त्याने दुरुस्त करावे आणि पान पुन्हा माझ्याकडे पाठवावे. ही रीत मी घातली नव्हती. पण ती मी आनंदाने पाळली, हे मान्य करतो. तू आणि तुझे सोबती पाठीमागे मला 'पूर्णविराम' म्हणत असा, हेही मला पहिल्या महिन्यापासून माहीत होते.

संगणकावर मी कोशाची फाइल कधीही पुसून लिहीत नाही. रविवारचे शब्द वहीत जमतात, महिन्याकाठी ते फाइलीत घालतो, आणि ज्या दिवशी बदल करतो त्या दिवशी तिला पुढचा आकडा देऊन नवी फाइल ठेवतो. पहिले मुद्रित, दुसरे मुद्रित, तसे. चोवीस फेब्रुवारीस आकडा एकशे एक्केचाळीस होता. डिस्क महिनाभर कुरकुरत होती, संगणक सुरू होण्यास अकरा मिनिटे घेत होता, म्हणून त्या शनिवारी मी सगळी सहाशे अठरा पाने कागदावर छापून घेतली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तू आलास, यंत्राला कान लावलास आणि म्हणालास, ही आता पिकली, माझ्या पुतणीला सांगतो, ती बदलून देईल. इतक्या तत्परतेने सांगितलेस की मी तुझ्याकडे पाहिले. अकरा वर्षांत तुझी पुतणी माझ्या खोलीत कधी आली नव्हती. कोश प्रकाशकाकडे जाण्यास दोन महिने उरले असतानाच ती का यावी, असे मनात आले. तू मात्र लगेच दुसऱ्या विषयावर गेलास, तुझ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेविषयी बोलू लागलास आणि मुलाकडे राहायला निघून गेलास.

त्या दिवसांत मला बरेच काही खटकत होते. तू दर रविवारी आल्याबरोबर, 'मागच्या वेळी आपण अमुक शब्दापर्यंत आलो होतो,' असे सांगू लागला होतास. पूर्वी हे मी सांगत असे. कोशाची सूत्रे तू हळूहळू आपल्या हाती घेत आहेस, असे मला वाटले. सून संध्याकाळी कामावरून आली की आधी स्वयंपाकघरात जाऊन शेगडी पाहत असे आणि मग मला विचारी, 'बाबा, आज काय काय केलंत?' विचारण्याचा सूर एरवीचा नव्हता. कोणी आधीच काही सांगून ठेवले असावे, तसा होता. मुलगा जेवताना माझ्याकडे पाही आणि मी पाहिले की ताटात पाही. आपल्या घरातील माणसे आपल्याविषयी काहीतरी ठरवून बसली आहेत, हे माणसाला कळते. काय ठरवले आहे, ते कळत नाही.

अशा मनःस्थितीत बारा मार्च उजाडला. तुझी पुतणी चाळिशीची, केस मागे घट्ट बांधलेली, बोलण्यात काटकसरी. बूट दाराबाहेर काढून आली, पिशवीतून पाटी पुसण्याच्या फडक्यासारखे एक फडके काढून मेजावर अंथरले आणि एकेक स्क्रू त्यावर ओळीने मांडला. हे मला आवडले, आणि आवडल्यामुळे अधिकच सावध झालो. तिने जुनी डिस्क काढून दाखवली आणि सांगितले की हिला आता काही जागा वाचता येत नाहीत, पण तसे ती कळवत नाही, नुसती फिरत राहते. म्हणून वेळ लागतो. सुदैवाने कोशाचा भाग शाबूत होता. मजकूर नव्या डिस्कवर उतरवण्यास दोन तास लागले. त्या दोन तासांत ती दोनदा फोनवर बोलण्यास बाहेर गेली आणि एकदा स्वयंपाकघरात पाणी पिण्यास. सून त्या दिवशी मुद्दाम घरी राहिली होती. दोघींचा आवाज फार हळू होता. माझे कान अजून तुझ्यापेक्षा बरे आहेत. तरीही मला 'कधीपासून' एवढा एकच शब्द ऐकू आला.

मग तिने नवी कार्यप्रणाली घातली. यंत्र भाषा विचारते, वेळ विचारते, मालकाचे नाव विचारते. जणू घरात पहिल्यांदाच माणूस आला आहे. सगळे झाल्यावर तिने कोश उघडला. दोन हजार शब्दांच्या जागी सारे रिकामे चौकोन होते. ओळीच्या ओळी, पानेच्या पाने चौकोन. मी खुर्चीतून उठलो आणि काय बोललो ते इथे लिहीत नाही. तिने शांतपणे सांगितले की मजकूर आहे तिथेच आहे, जुना फाँट नव्याने घालायचा राहिलाय एवढेच. घातला. अक्षरे परत आली. परंतु इतका वेळ ती अक्षरे कुठे होती आणि परत आली ती तीच होती की काय, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

जाण्यापूर्वी तिने एक पिवळी चिठ्ठी लिहून पडद्याच्या कडेला चिकटवली: 'काका, कोश डाव्या बाजूच्या पहिल्या फोल्डरमध्ये आहे. पासवर्ड बदललेला नाही.' मी म्हटले, हे मी विचारले नव्हते. ती म्हणाली, 'विचारलंत ना, तीनदा.' मी विचारले नव्हते. निदान मला तसे वाटले. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवणाऱ्या माणसाचा हेतू काय असावा, याचा मी बराच वेळ विचार केला. जुनी डिस्क मी तिला नेऊ दिली नाही. तपकिरी कागदात बांधली, दोऱ्यावर लाख ओतून मोहोर केली, तिची सही घेतली, माझी केली, आणि मेजाच्या खालच्या खणात ठेवून कुलूप घातले. त्या खणाची किल्ली एकच आहे आणि ती माझ्या गळ्यातील दोऱ्यात असते. ती सही करताना हसली नाही. याचीही मी मनात नोंद केली.

तेरा मार्चपासून सोळा मार्चपर्यंत मी कागदावरील सहाशे अठरा पाने पडद्यावरील मजकुराशी ओळीने ताडून पाहिली. एकतीस नोंदींत फरक निघाला. एकतीसही ठिकाणी फरक एकच: कागदावर 'मु.', पडद्यावर 'जु.'. पहिलीच नोंद 'पाहुणा'. आणि फायलींचा आकडा एकशे एक्केचाळीस नव्हता, एकशे चव्वेचाळीस होता. त्या तीन नव्या फायली मी केल्या नव्हत्या. प्रत्येकीची माहिती उघडून पाहिली. 'तयार झाल्याची तारीख' या ओळीत तिन्हींपुढे बारा मार्च. आणखी पुरावा कशास हवा होता? मी तुझ्या पुतणीला फोन केला. ती म्हणाली, ती कॉपी केल्याची तारीख असते, काका. इतक्या झटपट आलेल्या उत्तरावर मी विश्वास ठेवला नाही.

सतरा मार्चला, रविवारी, दहाला, शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच, तू आलास. डोळ्यावर हिरवा चष्मा होता. मी तुला उंबऱ्याच्या आत घेतले नाही. दारातच एकतीस नोंदींची यादी हातात दिली. तू ती डोळ्याजवळ नेऊन वाचलीस, घडी घातलीस आणि एवढेच म्हणालास, 'तुझं काय म्हणणं आहे?' मी म्हटले, 'माझे म्हणणे या यादीत आहे.' तू जिना उतरलास. कठड्याला धरून, एकेक पायरी. मी दार लावून घेतले आणि तू खाली पोचल्याचा आवाज येईपर्यंत दाराशी उभा राहिलो. तू पडू नयेस म्हणून, की तू खरेच गेलास याची खात्री करण्यास, हे मला आजही सांगता येणार नाही.

तेवीस मार्चच्या मासिक सभेत मी काय बोललो ते चौदा माणसांनी ऐकले आहे. तुझ्या सांगण्यावरून तुझ्या पुतणीने माझ्या यंत्रात हात घातला आणि माझे शब्द तुझ्या नावावर चढवले, असे मी म्हणालो. 'चोरी' हा शब्द मी दोनदा वापरला. 'पाहुणा' या शब्दाची गोष्टही मी सांगितली, जी मी मंडळात आणि मंडळाबाहेर तीसएक वर्षे सांगत आलो आहे: की माझ्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, शाळेच्या वाचनमालेचे मुद्रित तपासताना, एका ओळीत परक्या जातीचे अक्षर दिसले आणि माझ्या तोंडून निघून गेले, 'इथे पाहुणा बसलाय'. सगळे जुळारी हसले आणि शब्द रूढ झाला. तू मागच्या रांगेत बसला होतास. शेजारी बसलेल्या आपल्या जुन्या बाइंडरने, बोल म्हणून, तुला कोपर मारलेले मी पाहिले. तू नकारार्थी मान हलवलीस. तुझे ते गप्प राहणे मला कबुलीसारखे वाटले. त्या सभेनंतर मंडळातील चार जणांनी तुझ्या पुतणीच्या दुकानात दुरुस्तीला दिलेली यंत्रे परत आणली. कोशावरील आपले नाव काढून टाकावे, असे तू प्रकाशकास कळवलेस.

मग तुझे पत्रक आले, आणि त्यात ते पाचवे विधान: 'त्या एकतीस नोंदींत जो फरक झाला तो बहुधा माझ्याच हातून झाला असावा, डोळ्यामुळे चूक झाली, पुतणीचा संबंध नाही.'

मला आनंद झाला, हे लपवत नाही. कबुली लेखी मिळाली होती. तथापि 'बहुधा' आणि 'असावा' या शब्दांवर माझे समाधान होईना. चोराने निश्चित बोलावे. म्हणून आठ एप्रिलला, सोमवारी, मी खणातून ते पुडके काढले, मोहोर शाबूत असल्याचे पाहिले आणि बसथांब्याजवळच्या दुसऱ्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तो दुकानदार तुझ्या पुतणीचा प्रतिस्पर्धी. तिच्याविषयी वाईट बोलण्यास तयारच बसला होता. मी त्याच्यासमोर मोहोर फोडली. त्याने डिस्क जोडली, तिची कुरकुर ऐकून तोंड वाकडे केले आणि फायली दाखवल्या. एकशे बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. तिन्ही जुन्या डिस्कवरच होत्या. पाच मार्च, सहा मार्च, आठ मार्च. प्रत्येक वेळी दुपारी दोन ते चार. मी म्हटले, नव्या यंत्रात तर बारा मार्च दिसते. त्याने विचारले, 'आजोबा, बाकीच्या फायलींची बघितली का?'

मी पाहिली नव्हती. घरी येऊन पाहिली. एकशे एक्केचाळीस फायली, पहिलीपासून, सगळ्या बारा मार्चला तयार झालेल्या. अकरा वर्षांचे काम एका मंगळवारी. तुझ्या पुतणीने फोनवर सांगितले होते तेच. आयुष्यभर ज्याने लोकांच्या शेजारच्या ओळी वाचल्या, त्याने ही शेजारची ओळ वाचली नाही, कारण मला हवी ती तारीख आधीच्या ओळीत मिळाली होती.

मग संशयास नवी जागा शोधणे भाग होते. तू नव्हतास: सत्तावीस फेब्रुवारीला तुझा डोळा कापला, नऊ मार्चपर्यंत तू मुलाकडे पट्टी बांधून होतास, तुला पडद्याकडे पाहण्याचीही मनाई होती. तुझी पुतणी तोवर माझ्या घरात आलीच नव्हती. मुलगा त्या दुपारी कामावर. राहिली सून. दोन दिवस मी तिच्यावर पाळत ठेवली, जुळाऱ्या. तिने आणलेला चहा न पिता ओतून दिला. पाच, सहा, आठ मार्चला दुपारी कुठे होतीस, असे तिला जेवताना सर्वांसमक्ष विचारले. तिने भरल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, 'कामावर होते, बाबा. घरात तुम्ही एकटेच होतात.'

दहा एप्रिलला, बुधवारी, डिस्क पुन्हा कागदात बांधून खणात ठेवण्यास गेलो. खण पूर्ण बाहेर ओढला. एरवी मी तो अर्धाच ओढतो. मागे, लाखेच्या कांडीखाली, सुतळीने बांधलेला एक गठ्ठा होता. आपण कोश सुरू करण्याच्या फार पूर्वी, छापखान्यात असताना, तू मला शब्द लिहून द्यायचास त्या चिठ्ठ्या. मुद्रितांच्या कडा फाडून केलेल्या, तुझ्या त्या उजवीकडे झुकलेल्या अक्षरांत. मोजल्या. एकतीस. सर्वांत वर 'पाहुणा'. त्याखाली तू लिहिले होतेस: 'तुझ्या पहिल्या आठवड्यात मी हे म्हणालो तेव्हा तू एकटाच हसला नव्हतास. वहीत ठेव.' आणि गठ्ठ्याच्या वर एक कोरा कागद, तांबड्या पेन्सिलीने लिहिलेला, माझ्या अक्षरात. त्यातील वाक्ये जशीच्या तशी देतो: 'हे एकतीस शब्द जुळाऱ्याचे आहेत. माझ्या हातून माझ्या नावावर चढले. तीन दिवसांत दुरुस्त केले. तो आला की सांगावे.' डाव्या कोपऱ्यात त्रिकोण, मध्ये टिंब, खाली आठ मार्च.

मला यातील काहीही आठवत नाही. ते लिहिल्याचे आठवत नाही, चिठ्ठ्या काढल्याचे आठवत नाही, ती गाठ मारल्याचे आठवत नाही. गाठ माझी आहे. मी दुहेरी मारतो. खणाची किल्ली माझ्या गळ्यात आहे. मी तो कागद कितीतरी वेळ उलटसुलट पाहिला. एखाद्या अनोळखी माणसाचे मुद्रित आले आहे आणि त्यात चूक काढायची आहे, तसा. चूक सापडली नाही.

काल, अकरा एप्रिलला, तुझ्या पुतणीच्या दुकानात गेलो. उभ्यानेच माफी मागितली. तिने हातातील स्क्रू फडक्यावर ठेवला आणि म्हणाली, 'काका, मला राग नाही. पण माझे चार लोक गेलेत. तुम्ही सभेत बोललात ना? मग इथे नका सांगू, सभेत सांगा.' तिचे म्हणणे बरोबर आहे. त्यात एकही शब्द जास्त नाही. परत येऊन सुनेपुढेही बसलो. तिने चहा केला. मी तो प्यायलो. मग तिने विचारले, डॉक्टरांची वेळ घेऊ का? तीन महिने तिच्या ओठांवर असलेला प्रश्न तो हाच होता, हे मला तेव्हा कळले. स्वयंपाकघरातले 'कधीपासून' मलाही कळले.

आता पाचवी चूक. त्या नोंदी तू बदलल्या नाहीस, आणि तू बदलल्या नाहीस हे तुला ठाऊक होते. त्या मी बदलल्या, हे तू सतरा मार्चला माझ्या दारात, यादी डोळ्याजवळ धरून वाचतानाच ओळखले होतेस. स्वतःचे शब्द परत मिळालेले पाहून ज्याने चोरीचा आळ स्वतःवर ओढवून घेतला, ज्याने पुतणीला वाचवण्यासाठी डोळ्याचे निमित्त केले आणि मला वाचवण्यासाठी ताप काढला, त्याची ही हकिगत मी छापलेली तशीच राहू देऊ शकत नाही. मला ताप नव्हता. ताप असता तर तो उतरला असता. पुढच्या पत्रकात हे पत्र छापावेस आणि सत्तावीस एप्रिलच्या सभेत वाचावेस. वाचताना मी उभा राहीन. 'पाहुणा'ची खरी गोष्टही तूच सांग. मी ती इतकी वर्षे चुकीची सांगितली की आता मला माझीच खरी वाटते. आणि हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतले ते आता, कारण ते विसरण्याची भीती आहे. कोश पुरा व्हायचा आहे आणि तो मला एकट्याने पुरा करता येणार नाही. यापुढे आठवड्यात मी जे लिहीन त्याची पाने मेजावर ठेवीन. रविवारी तू ती वाचावीस, चुकले असेल ते बदलावेस, मला विचारू नयेस, आणि डाव्या कोपऱ्यात तुझी खूण करावीस. जुळाऱ्याला खूण नसे, हे मला माहीत आहे. आता आहे. ती नसेल ते पान प्रकाशकाकडे जाणार नाही. कोणती खूण करायची ते तू ठरव. माझी चालणार असेल तर माझीच घे.

तुझाच,
पूर्णविराम

सोबत: तारखा, दुरुस्त केलेल्या.

२४ फेब्रुवारी, शनिवार. ६१८ पाने छापली. (कागदांच्या दोन पावत्या सापडल्या, २२ लाही एकदा छापली असावीत. आठवत नाही.)

२७ फेब्रुवारी ते ९ मार्च. तू मुलाकडे, डोळ्यावर पट्टी. यांतील कोणत्याही दिवशी तू माझ्या घरी नव्हतास.

५, ६ आणि ८ मार्च. एकतीस नोंदी, अनुक्रमे नऊ, चौदा, आठ. दुरुस्त करणारा: मी.

१२ मार्च, मंगळवार. नवी डिस्क. काम चोख. मी तोच प्रश्न तीनदा विचारला.

१७ मार्च, रविवार. तुला दारातून परत पाठवले. पत्रकात ही तारीख तू दिलेलीच नाहीस. घालावी.

२३ मार्च, शनिवार. सभेत माझे बोलणे. त्यातील प्रत्येक वाक्य काढून टाकावे.

१५ एप्रिल, सोमवार. डॉक्टर. ही तारीख सुनेने लिहून पडद्याच्या कडेला चिकटवली आहे, पिवळ्या चिठ्ठीशेजारी.

२७ एप्रिल, शनिवार. सभा. तुझ्या पुतणीलाही बोलवावे.

१४ एप्रिल, रविवार, सकाळी दहा. हा क्रमाने आधी यायला हवा होता. मुद्दाम शेवटी ठेवला आहे. खिडकीकडची खुर्ची रिकामी आहे. या ओळीपुढची खूण तू करायची आहेस.